बिनगाठीची कुंची

त्या वर्षी चिंधीनाथ महाराजांचा मुक्काम आंबेखोल गावी, जाखाईच्या देवळाच्या ओसरीवर होता. मार्गशीर्षात जाखाई माहेरी येते असे गाव मानी आणि तिला थंडीसाठी रेशमाने भरलेली नवी कुंची घाली. नियम एकच, पण कडक. कुंचीत आतून गाठ नको, लेकीचे केस अडकतात. दोऱ्याचे टोक मागच्या टाक्यांतून ओवून जिरवायचे. गाठ सापडली, तर करणारीने पुन्हा देवळाची पायरी चढायची नाही.

यंदा कुंची भरण्याचा मान प्रथमच विधवा तान्हूबाईला मिळाला होता. इनामदारांच्या गोदाक्कांना ते झोंबले. "गोधड्या शिवणारी आता देवीला नटवणार म्हणे!"

तान्हूबाईने एकवीस कमळे भरली, उलट-सुलट अगदी सारखी. शेवटच्या पाकळीला दोरा तुटला. उरलेले टोक नखाएवढे, सुईत ओवता येईना. बाहेर सनई सुरू झाली. घाबऱ्या हाताने तिने गाठ मारली आणि मान वर केली, तर दारात गोदाक्का!

"पाहिलं हो, तान्हे. आता चल देवळात."

गाठ सोडवावी, तर पाकळी उसवणार. ती ओसरीवर गेली आणि महाराजांपुढे कुंची ठेवून रडू लागली. "महाराज, गाठ पडली."

"का बांधलीस?"

"भीतीनं."

"मग ती भीती इकडे दे." महाराजांनी कुंची क्षणभर छातीशी धरली आणि परत दिली.

जमलेल्या गावादेखत गोदाक्कांनी कुंचीत तळवा फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा. हात कुठेच अडेना! एकविसावे कमळ अखंड होते.

"पण मी डोळ्यांनी पाहिली होती..." गोदाक्का पुटपुटल्या. तेवढ्यात त्यांची नजर महाराजांच्या कफनीवर गेली. छातीपाशी, ठिगळावर, गुलाबी रेशमाची इवलीशी गाठ!

गोदाक्कांच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. "महाराज, चुकले मी."

महाराज म्हणाले, "आधी कुंची घाला, आक्का. लेक गारठली असेल."

गाभाऱ्यात अंधार होता. गोदाक्कांनी समई उचलली आणि तान्हूबाईपुढे मान लववली.

"तू बांध, तान्हूबाई. मी उजेड धरते."