गुंऽऽऽ! माझी कोरांटी लावा!

एक होती भुंगी. काळी काळी. इवलीशी. बोटाच्या पेराएवढी. पण तिचा राग? हा एवढा मोठा!

वत्सूकाकूंच्या अंगणात एक कोरांटी होती. अंगाला काटे. डोक्यावर पिवळी पिवळी फुलं. भुंगी रोज सकाळी यायची. फुलात शिरायची. गोड गोड रस प्यायची.

एकदा भुंगी आली. बघते तर काय? कोरांटी नाही! तिच्या जागी गवत. दुकानातून आणलेलं. चटईसारखं अंथरलेलं. त्या गवताला एक फूल नाही. नुसतं पाणी, पाणी, पाणी!

आणि कोरांटी कुठे? कुंपणापाशी आडवी. मुळं उघडी. पानं मलूल.

"भुंगे, मला मातीत जायचंय गं," कोरांटी हळूच म्हणाली.

भुंगी रडली का? छे! भुंगी रागावली. पंख थरथरले. मिशा ताठ झाल्या. गुंऽऽऽ!

भुंगी गेली काकूंकडे. काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"काकू, काकू, कोरांटी लावा!
कोरांटी फुलेना.
मला खाऊ मिळेना.
आलाय मला राग! गुंऽऽऽ!"

"तिचे काटे टोचतात, म्हणून उपटली," काकू म्हणाल्या. "मी नाही लावत जा! आणि लावू कुठे? अंगणात सगळा चिखल. माती वाळली, तर लावीन."

भुंगी गेली मातीकडे. माती ओलीगच्च. पचक पचक.

"माती गं माती, वाळ!
काकू लावेनात.
कोरांटी फुलेना.
मला खाऊ मिळेना.
आलाय मला राग! गुंऽऽऽ!"

"मी नाही वाळत जा!" माती म्हणाली. "पाइप माझ्यावर पाणी ओततो. पाइप थांबला, तर वाळेन."

भुंगी गेली पाइपाकडे. लांबलचक हिरवा पाइप. सुर्रर्र सुर्रर्र.

"पाइपा रे पाइपा, थांब!
माती वाळेना.
काकू लावेनात.
कोरांटी फुलेना.
मला खाऊ मिळेना.
आलाय मला राग! गुंऽऽऽ!"

"मी नाही थांबत जा!" पाइप म्हणाला. "मोटार मागून पाणी ढकलते. मोटार बंद झाली, तर थांबेन."

भुंगी गेली मोटारीकडे. मोटार विहिरीच्या काठावर. घर्रर्र घर्रर्र.

"मोटार गं मोटार, बंद हो!
पाइप थांबेना.
माती वाळेना.
काकू लावेनात.
कोरांटी फुलेना.
मला खाऊ मिळेना.
आलाय मला राग! गुंऽऽऽ!"

"मी नाही बंद होत जा!" मोटार म्हणाली. "माझं बटण दिगूकाकांकडे. काकांनी बटण दाबलं, तर बंद होईन."

भुंगी गेली काकांकडे. काका झोपाळ्यावर आडवे. पोट वर, खाली. घुर्रर्र घुर्रर्र.

"काका, काका, उठा!
मोटार बंद होईना.
पाइप थांबेना.
माती वाळेना.
काकू लावेनात.
कोरांटी फुलेना.
मला खाऊ मिळेना.
आलाय मला राग! गुंऽऽऽ!"

काकांनी एक डोळा उघडला.

"मी नाही उठत जा! विहिरीला पाणी आहे की भरपूर. पाणी संपलं म्हणून विहिरीतला बेडूक सांगायला आला, तर उठेन."

आणि डोळा मिटला. घुर्रर्र घुर्रर्र.

आता मात्र भुंगी फारच रागावली. इतकी रागावली, इतकी रागावली, की सुसाट विहिरीतच शिरली! खाली, खाली, अगदी खाली. तळाशी होतं एक डबकं. डबक्यात बसला होता बेडूक.

"बेडका रे बेडका, वर ये!
काका उठेनात.
मोटार बंद होईना.
पाइप थांबेना.
माती वाळेना.
काकू लावेनात.
कोरांटी फुलेना.
मला खाऊ मिळेना.
आलाय मला राग! गुंऽऽऽ!"

बेडकाने डोळे वटारले. गाल फुगवले.

"डराँव! तुलाच राग आलाय का? मला पण आलाय! एवढी मोठी माझी विहीर. एवढंसं उरलं पाणी. येतो मी! आत्ता येतो!"

बेडूक निघाला. या दगडावरून त्या दगडावर. टुणुक टुणुक. विहिरीच्या काठावर. टुणुक टुणुक. झोपाळ्यावर. टुणुक!

आणि काकांच्या पोटावर... थपाक!

"आई गं!" काका ओरडले. "गार गार काय हे?"

"डराँव! पाणी संपलं!"

काका धावले. विहिरीत डोकावले. "अगं वत्सू! विहिरीचा तळ दिसतोय!"

मग काय?

काकांनी बटण दाबलं. टक!
मोटार बंद झाली. घर्रर्र... गप्प!
पाइप थांबला. टप... टप... बंद!
काकांनी गवताची गुंडाळी केली. मातीवर ऊन पडलं. वारा आला. माती वाळली.

"आता लावा!" भुंगी म्हणाली. गुंऽऽऽ!

"लावते गं बाई, लावते!" काकूंनी खड्डा खणला. कोरांटी उचलली. काटा टोचला. "आई आई गं!"

"बरं झालं!" भुंगी म्हणाली.

काकूंनी कोरांटी मातीत ठेवली. मुळं झाकली. माती थोपटली. थप थप थप. मग काकू पाइप आणायला निघाल्या. भुंगी गर्रकन आडवी आली. गुंऽऽऽ!

"काकू, पाइप नको," कोरांटी म्हणाली. "एक तांब्या पुरे."

काकूंनी एक तांब्या पाणी घातलं. कोरांटीने घट्ट पाय रोवले. काकांनी शेजारी अडुळसा लावला. पलीकडे निर्गुडी लावली. त्यांनाही एकेक तांब्या.

विहिरीत पाणी चढलं. बेडूक पोहायला लागला. डुबुक डुबुक.

कोरांटीची पानं ताठ झाली. कळी आली. एका सकाळी कळी उमलली. पिवळं पिवळं फूल!

भुंगी आली. फुलात शिरली. आत, आत, अगदी आत.

"भुंगे," काकूंनी विचारलं, "गेला का गं राग?"

भुंगी काही बोललीच नाही. तिचं तोंड रसाने भरलं होतं.