धाकू तारी आणि थँक्यू

खाडीकाठच्या एका गावात एक तारी होता. नाव धाकू. माणसं होडीत घालायची आणि पलीकडच्या काठावर सोडायची, हाच त्याचा धंदा. बायको मागेच गेली होती, मूलबाळ नव्हतं. काठावर एक खोपटी, खोपटीत एक चूल, आणि बोलायला भिंत. म्हणून होडीत जो बसेल तोच त्याचा गणगोत.

त्या गावात तोंडाने आभार मानायची रीत नव्हती. कुणी आपलं काम केलं तर ते मनात ठेवायचं, आणि त्याची वेळ आली की आपण उभं राहायचं. बाबल्या घाडीची लेक बाळंतपणाला निघाली तेव्हा धाकूने भर वाऱ्यात तिला पलीकडे पोचवलं होतं. तेव्हापासून दारचा फणस पिकला की बाबल्या अर्धा फणस घेऊन खोपटीशी यायचा. फणस द्यायचा आणि उठायचं नावच घ्यायचा नाही. तंबाखू मळत बसायचा. धाकूला फणसापेक्षा ते बसणं गोड लागायचं.

मग शहरातली नोकरी संपवून गणफुले मास्तर गावात परतले. त्यांना गाव सुधारायचा होता. संध्याकाळी ते देवळात लोकांना जमवून चार इंग्रजी शब्द शिकवू लागले.

"काम झालं की थँक्यू म्हणावं," मास्तर म्हणाले. "साहेब नुसतं पाणी दिलं तरी म्हणतो."

"आणि पाणी नाही दिलं तर?" दाजी सुताराने विचारलं.

"तर तू सॉरी म्हणतोस."

लोक हसले. मास्तर माणूस भला होता. त्यांनी शब्द मुळापासून सांगितला. म्हणाले, "थँक आणि थिंक ही एका घरातली भावंडं. थिंक म्हणजे विचार करणं. फार जुन्या काळी थँकचा अर्थही नुसता विचार असाच होता. पुढे तो कुणाविषयीचा चांगला विचार झाला. मग केलेलं मनात ठेवणं झालं. आणि सगळ्यात शेवटी, ते तोंडाने सांगणं."

"एवढं सगळं कुठं ध्यानात ठेवू?" दाजी म्हणाला. "शेवटचं तेवढं पुरे ना?"

"पुरे," मास्तर म्हणाले. ते दमले होते.

गावाने शेवटचं तेवढं उचललं. मेला माणूस असाच. हलकं असेल ते आधी उचलतो.

दुसऱ्या दिवसापासून होडीतून उतरणारा प्रत्येकजण धाकूला थँक्यू म्हणू लागला. धाकू हरखला. आपल्यासारख्या वल्हं मारणाऱ्याला साहेबाचा शब्द! त्यानेही तो घोकून घोकून पाठ केला.

माडांच्या पलीकडे भागीबाय राहायची. तीही एकटी. धाकूची बायको गेली तेव्हा त्याने चूल पेटवणं सोडलं होतं. भागीबायने सगळा पावसाळा त्याला रोज पेजेचा वाडगा आणून दिला. वर सुनवायचीसुद्धा, "गिळ मुकाट्याने. उपाशी मेलास तर होडी कोण हाकणार, मी?" तेव्हापासून धाकू बाजाराच्या दिवशी चार मासे घेऊन तिच्याकडे जायचा, ओट्यावर बसायचा, दोघं मिळून गावाला नावं ठेवायची.

एकदा तिने त्याला सुकटीचं कालवण बांधून दिलं. धाकू छाती काढून म्हणाला, "थँक्यू."

भागीबाय त्याच्याकडे बघत राहिली. धाकूला मात्र डोक्यावरचा भारा खाली टाकल्यासारखं हलकं वाटलं. पुढच्या बाजाराला तिच्याकडे जायचं राहिलं. मग त्याच्या पुढच्या. मग राहूनच गेलं.

इकडे होडीतली माणसंही बदलली. एक पाय होडीत असतानाच थँक्यू म्हणायची आणि दुसऱ्या पायाने चालू लागायची. "बस की घटकाभर," धाकू म्हणायचा. "थँक्यू थँक्यू, घाई आहे," उत्तर यायचं. त्या वर्षी फणस पिकले आणि संपले. बाबल्या आला नाही. दिवसभर थँक्यू ऐकून धाकू खोपटीत यायचा आणि चुलीशी एकटाच बडबडायचा.

श्रावणात त्याला ताप भरला. उठवेना. होडी खुंट्याला बांधलेलीच राहिली. पलीकडून हाका आल्या, मग शिव्या आल्या.

"तारी माजला."

"माजणारच. थँक्यू ऐकून ऐकून साहेब झालाय."

अलीकडची माणसं बंधाऱ्याच्या लांबच्या वाटेने निघाली. ती वाट खोपटीच्या कुडाला लागूनच जायची. धाकू आत पडल्या पडल्या पावलं ओळखायचा. हा दाजी, फरपटत चालतो. हा बाबल्या, खोकतो. खोकला जवळ आला, कुडापाशी आला, पुढे गेला. कुणी दार लोटलं नाही.

धाकूला तापापेक्षा राग चढला. तो सरपटत बाहेर गेला, होडीतलं वल्हं ओढून आत आणलं आणि उशाशी ठेवलं. "आता बघतो कोण पलीकडे जातं ते. कुजा इकडेच."

ताप उतरला, राग उतरला नाही. मडक्यातलं पाणी संपलं. धाकूने एकेकाचं नाव घेतलं, त्याच्यासाठी आपण काय केलं ते आठवलं आणि शिवी हासडली. बाबल्याला दोन हासडल्या. अख्ख्या गावाला शिव्या देऊन झाल्या. मग भागीबायचं नाव आलं. तीही आली नव्हती. धाकूने तोंड उघडलं, पण शिवी बाहेर येईना. ती आली नाही हे खरं. पण आपण शेवटचे कधी गेलो? शिमग्याला? नाही, त्याच्याही आधी.

तो उठला. उशाशी वल्हं होतंच. तेच काठीसारखं टेकत, थांबत, धापा टाकत तो माडांमधून गेला.

भागीबायच्या घरात धूर नव्हता. ती चटईवर पडली होती. घोटा सुजून भोपळा झालेला, चुलीत गार राख.

"कोण?"

"धाकू."

"अजून आहेस? हाका ऐकत होते लोकांच्या. वाटलं, गेलास."

"गेलो असतो तर आली असतीस?"

"कशाने येऊ? पाय बघ माझा. गणपतीसाठी माती आणायला गेले आणि घसरले."

धाकू खाली बसला. म्हणाला, "मी इतके दिवस आलो नाही. बोलावलंही नाहीस."

"तू ते इंग्रजी बोललास ना त्या दिवशी," भागीबाय म्हणाली. "मला वाटलं, तुझ्यापुरतं देणंघेणं संपलं."

धाकूने उठून विहिरीवरून पाणी आणलं. राख उपसली, चूल पेटवली, तांदूळ धुऊन घातले. निम्मे तांदूळ बाहेर सांडले. भागीबाय पडल्या पडल्या बघत होती. शिजली तेव्हा त्याने पेज वाडग्यात ओतली आणि तिला टेकवून बसवलं.

तिने एक घोट घेतला.

"अळणी आहे," ती म्हणाली.

"उद्या मीठ घालतो."

भागीबायने वर बघितलं नाही. पण वाडगा रिकामा केला, आणि थोडं सरकून त्याला चटईवर जागा करून दिली.

तात्पर्य: आभार बोलून सुटका करून घेऊ नये, ज्याने आपल्यासाठी केलं त्याला मनात ठेवावं आणि त्याच्या दाराशी जात राहावं. जग आपल्याला विसरलं असं वाटलं, तर आधी आपण कुणाला विसरलो ते बघावं.