चिमूटभर अल्ब्युमिन

"सर, तिला तुम्ही कोणत्या पेशी दिल्यात?"

केळुसकर सर सिंकपाशी उभे राहून काचेच्या बाटल्या धूत होते. साठी जवळ आली, हाताखाली नऊ माणसं, तरी आपली भांडी ते आपणच धूत. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाला?"

"रेवतीला."

विचारणारा मयूर टिपणीस. प्रयोगशाळेतला सगळ्यांत जुना विद्यार्थी, पीएचडीचं पाचवं वर्ष. सरांचा उजवा हात आपणच, अशी त्याची पक्की समजूत होती. आठ महिन्यांपूर्वी बार्शीची रेवती ढेंबरे आली आणि त्या समजुतीला तडा गेला. सर तिच्या टेबलापाशी दोन मिनिटं जास्त थांबले की इकडे याच्या अंगाचा तिळपापड.

दोघांचं काम एकच होतं. प्रायॉन नावाचं एक प्रोटीन आहे. वेड्या गाईंच्या आजाराने ते बदनाम झालं, पण धडधाकट पेशीतही ते असतंच. पेशीच्या बाहेरच्या अंगाला बसलेलं असतं आणि त्याला एक लांब शेपूट असतं. त्या शेपटाला तांबं चिकटलं की पेशीच्या आत निरोप जातो, असं सरांचं म्हणणं. निरोप गेला की एक्स-रेसारख्या फिल्मवर काळी पट्टी उमटायची. ती पट्टी मयूरला दाखवायची होती. त्याची पदवी तिच्यावर अडली होती.

आधीची वर्षं पेशी आणि कृती बसवण्यात गेली, आणि या आठ महिन्यांत मयूरची फिल्म अकरा वेळा कोरी आली होती. काल रेवतीच्या फिल्मवर काजळासारखी पट्टी उमटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यानेही वाजवल्या, आणि मग जिन्यात जाऊन एकटाच उभा राहिला.

आता तो सगळं बोलून मोकळा झाला. प्रोटीन नुसतं तयार होऊन भागत नाही. त्याला साखरेच्या साखळ्या लागाव्या लागतात, पेशीच्या पटलात रुतणारा, जहाजाला असतो तसा नांगर लागावा लागतो. रेवतीला मिळालेल्या पेशींत हा साजशृंगार यथास्थित असणार, आणि आपल्या गळ्यात सरांनी थकलेल्या पेशी मारल्या असणार. वर तिला एखादी खुबीही कानात सांगितली असेल.

"तुम्ही हातचं राखलंत सर. माझ्याच बाबतीत."

सरांनी हात पुसले. उबवणीच्या कपाटातून रेवतीची एक बाटली काढली आणि मयूरच्या हातात दिली.

बाटलीवर रेवतीचं बारीक, गोल अक्षर होतं. 'मयूरदादांच्या पेशी. पिढी तेविसावी.'

"ती आली त्या आठवड्यात तू या फेकायला काढल्या होत्यास," सर म्हणाले. "तिने मागून घेतल्या."

मयूरला आठवलं. घेऊन जा, माझ्या काही कामाच्या नाहीत, असं तो तिच्याकडे न बघताच म्हणाला होता. म्हणजे साखर तीच, नांगर तोच...

"मग तांबं?"

"एकाच बाटलीतलं. तूच बनवलेलं."



मग सरांनी त्याला सगळी कृती सांगायला लावली, पहिल्यापासून. पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्याला असं पाढे म्हणायला लावावं याचा त्याला राग आला, पण त्याने म्हटले. पेशी धुवायच्या. चार तास उपाशी ठेवायच्या, म्हणजे आतले जुने निरोप शांत होतात. मग तांबं द्यायचं.

"उपाशी म्हणजे अगदी उपाशी?"

"हो... म्हणजे, चिमूटभर अल्ब्युमिन घालतो."

"आधी घालायचास?"

"नाही."

"कधीपासून घालतोस?"

मयूरने हिशेब केला. आठ महिने.

कारण त्याला ठाऊक होतं. उपाशी पेशी कधीकधी मरतात. मेल्या की आठवडा वाया, आणि तेवढ्यात रेवती पुढे जायची. तेवढी जोखीम घ्यायची त्याची छाती झाली नव्हती. म्हणून रक्तातल्या या प्रोटीनचा जरा पोटाला आधार.

"अल्ब्युमिन काय काय धरून ठेवतं रे?" सरांनी अगदी सहज विचारलं.

हे तर तो एमएस्सीच्या पोरांना शिकवत असे. 

"तांबं."

"मग प्रायॉनच्या शेपटाला काय मिळालं?"

"काही नाही सर."

आठ महिने तो तांबं देत होता, आणि त्याने स्वतःच घातलेली ती चिमूट ते वाटेत गिळत होती.

"रेवतीनेही हेच केलं होतं," सर म्हणाले. "तिसऱ्या आठवड्यात. फळ्यावर होतं. पुढचे महिने उपाशी पेशी जगवण्यात गेले."

प्रयोगशाळेत दाराशीच एक फळा होता. दर सोमवारी ज्याने त्याने आपलं आठवड्याचं अपयश त्यावर लिहायचं, कृतीसकट, आणि बाकीच्यांनी वाचायचं, ही सरांची रीत. रेवती आल्यापासून मयूरने लिहिणं सोडलं होतं. तिच्यासमोर कोरी फिल्म कबूल करायची त्याला लाज वाटे. आणि तिने लिहिलेलं वाचायचं तर शक्यच नव्हतं. कानात सांगितलेली खुबी सात दिवस त्या फळ्यावर होती, आणि हा फळ्यासमोरून रोज ये-जा करत होता.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरीही, खरं सांगायचं तर, आतली जळजळ काही विझली नाही. हीच चूक तिला तीन आठवड्यांत कशी कळली, हेच त्याला आधी खुपलं.

"शोधनिबंधावर पहिलं नाव आता तिचंच ना, सर?"

 त्याच्या हातातली बाटली घेऊन ती सरांनी कपाटात जागच्या जागी ठेवली. दार हलकेच लावलं.

मयूर दोन पावलं गेला, परत आला. आवाज शक्य तितका सरळ ठेवून म्हणाला, "उद्या पुन्हा लावतो. अल्ब्युमिनशिवाय. चार तास उपाशी पुरतील ना?"

"पेशी आतून शांत व्हायला पुरतील," सर म्हणाले. "तुला किती लागतील?"