गंध न लागलेली डिस्क

“पण मेलेली ती तिसरीच, हे तुला सांगितलं कुणी?” वामनबुवांनी विचारलं.

“मशिननंच सांगितलं, बुवा. नाव घेऊन सांगितलं. सहा डिस्कपैकी ‘सी’ गेली म्हणून. ए, बी, सी. डावीकडून मोजली आणि तिसरी ओढून काढली. यात चुकण्यासारखं काय आहे?”

“आणि काढल्यावर?”

हेरंबनं पडद्याकडे बोट केलं.

काढल्यावर काय झालं ते समोर पडद्यावर दिसतच होतं. मठाच्या सगळ्या पोथ्या नाहीशा झाल्या होत्या.

आता या पोथ्यांचं सांगायला हवं. मागच्या पुरात नदी मठात शिरली आणि कागदावरच्या पोथ्यांचा पार लगदा करून गेली. त्याआधी कुणाला तरी सुबुद्धी सुचली होती, म्हणून पान न् पान फोटो काढून ठेवलेलं. ते फोटो या लिनक्सच्या सर्व्हरवर होते, आणि दुसरीकडे कुठेच नव्हते. आणखी एक प्रत काढू, काढू म्हणता राहून गेली. आपल्याकडे हे काही नवीन नाही.

सर्व्हर सांभाळायचं काम हेरंबकडे. पुण्यातली भल्या पगाराची नोकरी सोडून तो मठात आला, त्याला वर्ष होत आलं होतं. दीक्षा अजून मिळाली नव्हती. येत्या पौर्णिमेला बुवा हो म्हणतील या आशेवर तो दिवस काढत होता. पोरगा मनानं चांगला, पण अंगात भारी रग. भांडी घासायला बसवला तर शेजारच्याला घासायचं कसं ते शिकवायचा.

बुवा स्वतः संन्यास घेण्याआधी टेलिफोन खात्यात इंजिनिअर होते. त्याविषयी ते फारसं बोलत नसत.

“तुम्ही समजून घ्या, बुवा,” हेरंब म्हणाला. “सहांतली एक गेली तर बाकीच्या पाच तिची उणीव भरून काढतात. रचनाच तशी असते. दोन गेल्या की मात्र संपलं. म्हणजे मी मेलेली काढली, आणि नेमकी त्याच क्षणी दुसरी कुठली तरी गेली. नशीब, दुसरं काय.”

“नेमकी त्याच क्षणी?”

“होतं असं कधीकधी.”

बुवांनी वाद घातला नाही. टेबलावर काढून ठेवलेली डिस्क त्यांनी उचलली, हेरंबच्या तळहातावर ठेवली, आणि त्याची बोटं आपल्या हातानं मिटवली.

“कशी लागते?”

“गरम.”

“बरं...”

हेरंबला उमगलं. मेलेली असती तर थंड लागली असती. ही डिस्क आत्ता आत्तापर्यंत राबत होती. त्यानं धडधाकट डिस्क ओढून काढली होती, आणि मेलेली अजून आतच बसली होती.

लाज अशासाठी, की हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ए, बी, सी ही नावं डिस्कच्या जागेवरून पडत नाहीत. मशिन सुरू होताना जी आधी सापडेल ती ‘ए’, मग ‘बी’. आज एक नाव, उद्या दुसरं. कंपनीत नव्या पोरांना तो हेच तर घोकून घ्यायला लावायचा. आणि स्वतः मात्र बोटानं मोजून मोकळा झाला.

“मी सगळी रचना नव्यानं बांधतो.” तो कीबोर्डकडे झेपावला.

बुवांनी कीबोर्डवर पंजा ठेवला.

“नव्यानं बांधलीस तर आत जे उरलंय त्याचं काय होईल?”

“...पुसलं जाईल.”

“मग आधी पाणी पी.”

हेरंब पाणी प्यायला.

“ओढलेली तिच्या जागी परत बसव,” बुवा म्हणाले. “आता सांग, मेलेली कोणती?”

“डिस्कचा दिवा लुकलुकवायची कमांड असते. मेलेलीला देऊन बघतो.”

त्यानं कमांड दिली. एकही दिवा हलला नाही. पुन्हा दिली. सहाही जागा ढिम्म.

“ती उत्तरच देत नाहीये, बुवा.”

“गेलेल्याला हाक मारल्यावर ओ कोण देणार, बाबा? जे आहेत त्यांना हाक मार.”



बुवा उठले आणि देवघरातून गंधाची वाटी घेऊन आले. सकाळी मठात जो हजर असेल त्याच्या कपाळी ते गंध लावत. आज वाटी घेऊन सर्व्हरपुढे मांडी घालून बसले.

“चल. एकेकीला काम दे.”

हेरंब एकेका डिस्कला तिच्यावर छापलेल्या, कधी न बदलणाऱ्या नंबरानं हाक मारू लागला. वाच म्हणायचं, बास. ती वाचू लागली की तिचा दिवा लुकलुके. दिव्याखाली बुवा गंधाचं बोट लावत. मघाची गरम डिस्कही लुकलुकली. तिला लावताना बुवांनी बोट जरा जास्तच दाबलं.

पाच जागांना गंध लागलं. उजव्या कडेची तेवढी कोरी राहिली.

हेरंबनं मशिन बंद केलं, ती बाहेर काढली आणि तिच्यावरचा नंबर वाचला. पाचांपैकी कुणाचाच तो नव्हता. त्यानं नंबर पुन्हा वाचला. मग आणखी एकदा, बोट ठेवून.

मशिन परत सुरू झालं. पाचही जणींना एकत्र यायला सांगणारी कमांड त्यानं लिहिली, आणि बटण दाबेना.

“दाब,” बुवा म्हणाले.

थोडा वेळ काहीच झालं नाही... मग पडद्यावर पहिलं पान उमटलं. तपकिरी, कडेला कसरीनं खाल्लेलं. मग दुसरं. हेरंबला रडू फुटलं, आणि ते त्यानं लपवलं नाही.

बुवांनी त्याला पोटभर रडू दिलं. मग मोकळ्या जागी नवी डिस्क बसवून घेतली, दुसरी प्रत काढायला लावली आणि जेवायला पाठवलं.

हेरंब जेवला नाही. तो खोलीतून आपली पिशवी भरून घेऊन आला आणि बुवांपुढे उभा राहिला.

“निघतो, बुवा.”

“कुठे?”

“पुण्याला. पौर्णिमेपर्यंत थांबण्यात काही अर्थ नाही. इथं सगळे आपापलं काम निमूटपणे करतात. मीच एक तोंड वर करून फिरत होतो. या मठात बिघडलेला कोण, ते आज मला नीट कळलं. मला काढलंत तर कुणाचं काही अडणार नाही.”

बुवांनी त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि खाली ठेवली.

“हेरंबा, सकाळी त्या तिसऱ्या डिस्कबद्दलही तुझी इतकीच खात्री होती.”