दगडवाडीची उसनी वाळू

फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा उंट बोलत असत आणि माणसं त्यांचं ऐकत नसत. म्हणजे तसं बघायला गेलं तर माणसं तेव्हाही आजच्यासारखीच होती.

त्या काळी एक राज्य होतं, आणि त्या राज्यात नुसती वाळवंटंच वाळवंटं. पण वाळवंट म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येत असेल, तर ते आधी पुसून टाका. मीठगावचं वाळवंट होतं पांढरंशुभ्र मिठाचं. पौर्णिमेला ते दुधाच्या परातीसारखं दिसायचं. काटेगावचं वाळवंट निवडुंगांचं आणि बोरी-बाभळींचं. वर्षभर गुमान उभं राहायचं आणि एखादी सर पडली की पिवळ्या-लाल फुलांनी डवरून जायचं. वाळूगावला सोनेरी वाळूच्या टेकड्या, एकीमागे एक, नजर पोचेल तिथपर्यंत. आणि दगडवाडीला दगड.

नुसते दगड हो. मैलोगणती पसरलेला, झाड ना झुडूप असा माळ.

या दगडवाडीचा एक नाईक होता. माणूस भला, हाताचा सढळ, पण मनाला एक गोष्ट लागली की ती धरून बसणारा. त्याचा एकुलता एक मुलगा येसा लग्नाचा झाला होता, आणि नाईकाच्या मनाला आता तेवढंच लागलं होतं.

लग्न जमवायची त्या राज्यात एक रीत होती. मुलीकडचे लोक घर बघत नसत, गोठा बघत नसत. मुलगी मुलाच्या घरी यायची, उंबऱ्यावर उभी राहायची आणि तिथून समोरचा मुलूख बघायची. जन्मभर रोज सकाळी दार उघडल्यावर जे दिसणार, ते आधी बघून घ्यायचं. तिच्या हातात ताकाची वाटी द्यायची. ताक पिऊन तिने वाटी उंबऱ्यावर सुलटी ठेवली की लग्न ठरलं, पालथी घातली की रामराम. आणि कुणी मुलीला खोटा मुलूख दाखवला, तर त्या घरात पुन्हा कुठल्याही गावाने मुलगी द्यायची नाही, हेही ठरलेलं.

येसाला बघायला मीठगावची मुलगी आली. तिने माळ बघितला आणि म्हणाली, "सगळीकडे काळोखच पसरल्यासारखं वाटतंय." वाटी पालथी. मग काटेगावची आली. ती म्हणाली, "इथे केसांत माळायला काय मिळणार?" तिचीही वाटी पालथी.

येसा हसून सोडून द्यायचा. "बाबा, मला आपला माळ आवडतो," तो म्हणायचा.

"तुझ्या आवडण्याने लग्नं होत असती तर तुझ्या पोरांची मुंज झाली असती," नाईक म्हणायचा आणि चिलीम पेटवायचा.

मग निरोप आला की वाळूगावची मंजुळा बघायला येणार. नाईकाची झोपच उडाली. वाळूगावच्या टेकड्या त्याने तरुणपणी पाहिल्या होत्या. संध्याकाळी त्या कशा सोन्यासारख्या झळाळतात ते त्याला आठवत राहिलं. असल्या मुलखात वाढलेली पोर हे धोंडे बघून काय म्हणेल? आणि मग त्याला एक युक्ती सुचली.

तो आपल्या उंटिणीला, सांडणीला घेऊन वाळूगावच्या सीमेवर गेला, आणि वाळूने पोती भरू लागला.

"धनी, हे काय चाललंय?" सांडणीने विचारलं.

"वाळू नेतोय. आपल्या दारापुढे पसरायला."

"वाळवंटात वाळू वाहणारी मीच पहिली असेन," सांडणी म्हणाली. "माझ्या आईला कळलं तर ती मला घरात घेणार नाही."

नाईकाने नेहमीप्रमाणे ऐकलं नाही. खेपांवर खेपा झाल्या. गावातही लग्नाची पोरं होतीच, त्यामुळे शेजारीपाजारीही आपापले उंट घेऊन मदतीला धावले. दारापासून नजर जाईल तिथवर वाळू पसरली. सुपांनी ओतून टेकड्या उभ्या केल्या. वाऱ्याने वाळूवर उठतात तशा लाटा उठेनात, तेव्हा येसाची आई, नाईकीणबाई, स्वतःची लाकडी फणी घेऊन बसल्या आणि केस विंचरावेत तशा साऱ्या टेकड्या त्यांनी विंचरून काढल्या. येसाने "बाबा, हे नको" म्हणून पाहिलं, आणि मग तो इतका ओशाळला की उंटांना पाणी पाजायच्या निमित्ताने दिवसभर विहिरीवरच बसून राहिला.

ठरल्या दिवशी मंजुळा आली. सोबत तिचा बाप आणि आत्या. विहिरीवर उंट सोडताना येसाशी तिचं काहीतरी बोलणं झालं आणि दोघंही हसली. नाईकाने ते लांबून पाहिलं आणि त्याला वाटलं, जमलं म्हणायचं.

मंजुळा उंबऱ्यावर उभी राहिली. हातात ताकाची वाटी. तिने समोर बघितलं, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. चेहरा पार उतरला तिचा. तिने ताक पिऊन टाकलं आणि वाटी पालथी घातली.

नाईक पुढे झाला. "पोरी, काय कमी पडलं गं?"

"काका, राग मानू नका," मंजुळा म्हणाली. "आमच्याकडे हेच आहे. सकाळी दारात टेकडी असते, संध्याकाळी ती शेजाऱ्यांच्या दारात जाऊन बसलेली असते. भाकरीत वाळू, केसांत वाळू, अंथरुणात वाळू. लहानपणी मी अंगणात काही रेघोट्या ओढायची, तर तोंड धुऊन येईपर्यंत त्या गायब. आमच्या टेकड्या सुंदर आहेत, मी नाही कुठे म्हणते? पण व्यापारी सांगायचे, दगडवाडीला रंगीत दगडांचा माळ आहे, रात्री जिथे बघून झोपावं तिथेच सकाळी सापडतो. म्हणून मी हट्ट करून आले. त्यांनी थाप मारलेली दिसते. आणि वाळूच बघायची तर आमची बरी. तुमच्या टेकड्या जरा ओबडधोबडच आहेत."

नाईकीणबाईंनी फणी पदराखाली घेतली.

पाहुणे विहिरीकडे निघाले. नाईक दारातच घुटमळला. गप्प बसलं तर एक मुलगी गेली, एवढंच. पुढे दुसरी बघता येईल. तोंड उघडलं तर खोटा मुलूख दाखवला हे चारचौघांत कबूल करायचं, आणि मग येसा जन्मभर बिनलग्नाचा. त्याने येसाकडे पाहिलं. मघाशी हसणारा पोरगा आता मान खाली घालून मंजुळाच्या उंटाला खोगीर चढवत होता, बापाला एक शब्द बोलला नव्हता. नाईकाला त्या गप्प पोरापुढे स्वतःचीच इतकी लाज वाटली, इतकं भरून आलं, की तो तसाच धावत सुटला आणि त्याने नुकत्याच वर बसलेल्या मंजुळाच्या उंटाचा लगाम धरला.

"पोरी, थांब. व्यापारी खरं सांगत होते. खोटा मी आहे. ही वाळू तुमच्याच सीमेवरून आणून मी पसरली. आमचा माळ तिच्याखाली आहे. मला त्याची लाज वाटली. येसाचा यात काही दोष नाही, तो पहिल्यापासून नको म्हणत होता. मुलगी नका देऊ, पण त्याला नाव ठेवू नका."

मंजुळाच्या बापाचा चेहरा लालबुंद झाला. "नाईक, रीत ठाऊक आहे ना तुम्हाला? आता या घराला कुणी मुलगी देणार नाही. चला गं."

पण मंजुळा उंटावरून खाली उतरली होती. "बाबा, मी अजून मुलूख पाहिलेलाच नाही," ती म्हणाली. "जी वाटी पालथी घातली ती आपल्याच वाळूसाठी. आधी बघू तरी द्या." आणि तिने ओसरीवरचा खराटा उचलला.

येसाने दुसरा खराटा घेतला. मग नाईकाने, मग शेजाऱ्यांनी. धुळीचा असा लोट उठला की आत्याबाई शिंका देऊन देऊन बेजार झाल्या. दुपार कलली तेव्हा दारापुढचा माळ उघडा पडला. काळे दगड, त्यांच्या अंगावर पांढरे पट्टे. तांबडे दगड, हिरवट दगड. कुणीतरी घागरभर पाणी ओतलं आणि ते सगळे रंग ओलेकच्च होऊन चमकायला लागले.

आणि मधोमध एका सपाट फरशीवर ठिकरी खेळायची घरं कोरलेली होती. नाईकाच्या पणजीच्याही आधीच्या कुणा पोरींनी ती कोरली होती. त्यानंतरच्या पोरींनी एका पायावर उड्या मारून मारून प्रत्येक घरात गुळगुळीत खळगा पाडला होता.

मंजुळा त्या खळग्यांकडे बघत राहिली. "यांच्या उड्या अजून इथेच आहेत," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मग तिने लुगडं खोचलं, एक खडा फेकला आणि लंगडत सगळी घरं पार केली. एकदाही रेघेला पाय लागला नाही.

ती उंबऱ्यावर परत आली, तिने ताक मागून घेतलं, पिऊन वाटी पुसली आणि सुलटी ठेवली.

आता सगळे तिच्या बापाकडे बघायला लागले. त्याने मिशीला पीळ दिला. "रीत म्हणते, खोटा मुलूख दाखवणाऱ्याला मुलगी देऊ नये," तो म्हणाला. "पण दाखवलेला मुलूख स्वतःच खोडून काढणाऱ्याचं काय करायचं, ते रीतीत कुठेच नाही. तेव्हा मीच सांगतो. आमची वाळू आम्हाला परत पाहिजे. लग्नाला याल तेव्हा घेऊन यायची, शेवटच्या पोत्यासकट."

म्हणून येसाची वरात अशी निघाली की तशी वरात त्या राज्यात ना आधी निघाली होती ना नंतर. पुढे वाजंत्री, मध्ये बाशिंग बांधलेला नवरदेव, आणि मागे वाळूची पोती लादलेली उंटांची रांग. सगळ्यात जड पोतं खुद्द नवरदेवाच्या बापाच्या पाठीवर. लोक विचारायचे, "नाईक, एवढं काय वाहून नेताय?" आणि नाईक घाम पुसत, हसत सांगायचा, "शहाणपण."

तेव्हापासून दगडवाडीत कुणी बघायला येणार असलं की माळ फक्त स्वच्छ झाडून ठेवतात.

तात्पर्य: आपलं अंगण दुसऱ्यासारखं दिसावं म्हणून झाकू नये. ज्याला ते आवडायचं आहे, तो नेमकं तेच बघायला आलेला असतो.