एकाहत्तर अंश ताप

“म्हणजे माझं यंत्र खोटं आणि आप्पांची नजर खरी, असंच ना चाचा?”

मिरजेच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणारे नझीरचाचा चष्मा पुसत राहिले.

अभिनंदन सोल्डरिंग याच दुकानात शिकला. पुढे इंजिनिअर झाला. वडील भूपाळआप्पा ज्या कारखान्यात दातेरी चाकं कडक करायच्या भट्टीवर होते, तिथंच त्यानं भट्टीचं तापमान दाखवणारं यंत्र बसवलं. भट्टीत जाऊन उष्णतेची वीज करणारी थर्मोकपलची तार, तिचा इवलासा विद्युतदाब वाढवणारी चिप, आणि आकडा दाखवणारा मायक्रोकंट्रोलर.

पंधरा दिवसांपूर्वी यंत्र म्हणालं, आठशे पन्नास. आप्पा भट्टीच्या भोकातून आतला रंग बघून म्हणाले, अजून कमी आहे. मालकांनी मुलाकडं पाहिलं. मुलगा म्हणाला, “आप्पांना आता नीट दिसत नाही.”

तेव्हापासून आप्पा भट्टीऐवजी कारखान्याच्या फाटकावर राखणीला बसतात.

काल गिऱ्हाइकाकडून दातेरी चाकं परत आली. मऊ राहिली होती.

“काय काय तपासलंस?”

“सगळं. तार, जोड, प्रोग्राम. घरी पाच वेळा उकळत्या पाण्यात धरलं. दर वेळी बरोबर.”

“किती वेळ धरलंस?”

“दोन मिनिटं. तेवढी पुरतात.”

चाचांनी यंत्र चालू करून त्याचा डबा बंद केला. तारेचं टोक सदऱ्यातून काखेत घातलं.

छत्तीस.

“बघा,” अभिनंदन म्हणाला.

“बघतोय. चहा सांग.”

“चाचा, मालक थांबलेत…”

“थांबू देत. आलं घालायला सांग.”

चहा आला. चाचा बशीत ओतून हळूहळू प्याले.

बेचाळीस.

अभिनंदननं कप खाली ठेवला.

त्रेपन्न… चौसष्ट…

एकाहत्तरवर आकडा थांबला.

चाचांनी स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला. “आता मला दवाखान्यात नेतोस, की थेट कब्रस्तानात?”

अभिनंदन हसला नाही.

चाचांनी डबा उघडला, त्याचं बोट धरलं आणि चिपवर टेकवलं.

त्यानं झटकन बोट काढलं.

चिपला खेटूनच वीज कमी करणारा रेग्युलेटर बसवला होता. तो तापून लाल व्हायचाच काय तो बाकी होता.

“चिप आधी स्वतःचं तापमान मोजते,” अभिनंदन अडखळत म्हणाला, “मग त्यात तारेचं मिळवते… ती स्वतःच तापली, तर तेवढं सगळं भट्टीच्या नावावर…”

“हं.”

“घरी दोन मिनिटांत ती तापायचीच नाही. भट्टीवर मात्र पस्तीस अंश जास्त दाखवत होती. रोज.”

“हं.”

“आणि आप्पा…”

दुकानातला एक रेडिओ नुसता खरखरत होता. चाचांनी तो बंद केला.

अभिनंदन म्हणाला, “रेग्युलेटर लांब बसवतो. मालकांना आजच सांगतो, चूक माझी. पण आप्पांना काय सांगू, चाचा? एकतीस वर्षं त्या भट्टीपुढं उभा राहिलेला माणूस… चार लोकांत म्हणालो मी, दिसत नाही म्हणून.”

चाचांनी काखेतली तार काढली, सदऱ्याला पुसली, नीट गुंडाळून त्याच्या तळहातावर ठेवली.

“चिपला हात लावून पाहिला नव्हतास…” ते म्हणाले. “आप्पांच्या हाताला शेवटचा कधी लावलास, बेटा?”