खेकड्याची दांडी आणि मुंगसाची बटणे

एका जंगलात ओढ्याच्या काठी एक खेकडा राहत असे. आता तुम्ही म्हणाल, खेकडा दिवसभर करणार काय, चिखलात बसणार! छे हो! हा खेकडा मारामारीचा व्हिडिओ गेम खेळत असे, आणि असा खेळत असे की बघणारे पापणी लवायची विसरत. त्याच्यापुढे एक लाकडी पेटी असे. पेटीच्या डाव्या बाजूला एक दांडी, उजव्या बाजूला ठोशांची आणि लाथांची बटणे. डाव्या नांगीत दांडी धरून तो ती फिरवू लागला की पडद्यावरच्या लढवय्याच्या अंगात वारे शिरे. एरवी सगळे त्याला "तिरका चालतो, तिरका चालतो" म्हणून चिडवत. पण त्या पेटीपुढे बसला की ससे, माकडे, हरणे, सारे त्याला "उस्ताद" म्हणत.

पण मुलांनो, गेमचे यंत्र होते एक आणि जंगले दोन! एक हे ओढ्याकाठचे, दुसरे टेकडीपलीकडचे. म्हणून दर वर्षी दोन्ही जंगलांचा सामना होई, आणि जो जिंकेल त्याच्या जंगलात यंत्र वर्षभर राही. खेकडा दर वेळी जिंके, म्हणून ते ओढ्याकाठीच होते. ते टेकडीपलीकडे गेले असते तर माकडांचे काय बिघडणार होते? चार उड्या मारून तिकडे गेली असती. खेकडा कसा जाणार? टेकडी चढता चढताच उन्हात वाळून गेला असता बिचारा. यंत्र गेले की त्याचा खेळ संपला, आणि "उस्ताद" म्हणणारेही गेले.

यंदा टेकडीवाल्यांकडून एक मुंगूस आला. आदल्या दिवशी तो सरावाला बसला आणि सगळ्यांनी तोंडात बोटे घातली. त्याच्या कंट्रोलरला, म्हणजे खेळायच्या पेटीला, दांडीच नव्हती! पुढे, मागे, वर, खाली, प्रत्येक दिशेला एक वेगळे बटण. त्याचा लढवय्या आगीचे लोळ फेकी. त्यासाठी 'मागे' दाबून धरायचे आणि झटकन 'पुढे' जायचे. खेकड्याच्या दांडीला मागून पुढे जाताना मधला रस्ता ओलांडावा लागे. मुंगसाला रस्ताच नव्हता! एक बोट उचलले, दुसरे टेकले, की सुटला लोळ. खेकड्याच्या काळजात धस्स झाले.

तेवढ्यात कोल्हा आला. हा कोल्हा स्वतः एक डावही खेळत नसे, पण सल्ला विचारा, हजर! तो म्हणाला, "उस्ताद, दांडीचा जमाना गेला. बटणं घ्या, बटणं! त्या मुंगसाची सगळी मिजास बटणांवर आहे. आणून देऊ तशीच पेटी?"

घाबरलेल्याला कुणाचाही सल्ला पटतो. खेकडा म्हणाला, "आण बाबा, लवकर आण."

दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी ही गर्दी! कासव पंच होते. ते म्हणाले, "डाव तीन. दोन जिंकेल त्याच्या जंगलात यंत्र जाईल. हरणाऱ्याला पुढच्या डावाआधी आपला लढवय्या बदलता येईल, कंट्रोलरही बदलता येईल. चला, सुरू!"

खेकड्याने नवी बटणे पुढे ओढली आणि मुंगसासारखाच आगवाला लढवय्या घेतला. अरे देवा! ती जाड नांगी आणि ती चिमुकली बटणे! 'मागे' दाबायला जावे तर सोबत 'खाली' दाबले जाई. लढवय्या उठे-बसे, उठे-बसे, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. मुंगसाने लोळांवर लोळ सोडले आणि पहिला डाव बघता बघता खिशात घातला. टेकडीवाले नाचू लागले. यंत्र बांधून न्यायला त्यांनी वेली आणल्याच होत्या, त्याही उलगडायला लागले.

खेकडा रडकुंडीला आला. मान खाली घालून बसला, आणि त्याचे लक्ष स्वतःच्या डाव्या नांगीकडे गेले. ती हवेत आपली आपण गोल फिरत होती. ताकात रवी फिरावी तशी, गर्रर्र, गर्रर्र!

"अरे, हिला तर दांडी हवीय!" खेकडा ओरडला. "सशा, पळ! माझी जुनी पेटी आण!"

ससा बाणासारखा सुटला. पेटी आली. आता लढवय्या कोणता घ्यावा? आगवाला तर मुंगसाच्या बोटांचा. गोल फिरणाऱ्या नांगीचा कोणता? त्या गेममध्ये एक ढेरपोट्या पैलवान होता. चालायला मंद, उडी जेमतेम, म्हणून त्याला कुणी घेत नसे. पण त्याचा एक डाव होता. दिशा पूर्ण गोल फिरवून ठोसा मारला की तो समोरच्याला उचलून आपटे.

कोल्ह्याने कपाळावर हात मारला. "अहो, त्या ढोल्याला कुणी घेतं का? किती हळू चालतो!"

"चालू दे," खेकडा म्हणाला. "मी तरी कुठे सरळ चालतो?"

दुसरा डाव सुरू झाला. लोळ आले. पैलवानाने हात आडवे धरून ते झेलले आणि एक पाऊल पुढे टाकले. पुन्हा लोळ, पुन्हा एक पाऊल. अगदी जवळ पोचल्यावर दांडी फिरली, गर्रर्र... धप्प! पुन्हा गर्रर्र... धप्प! डाव खेकड्याचा! माकडांनी झाड डोक्यावर घेतले.

आता तिसरा डाव, शेवटचा! मुंगूस आपले लोळच फेकत राहिला असता तर काय झाले असते, सांगता येत नाही. पण तो हरल्याने बिथरला होता. "मलाही तोच ढोल्या हवा!" तो म्हणाला. दोन पैलवान आमनेसामने आले. मुंगूस काही लेचापेचा नव्हता हं! त्याने लाथांनी खेकड्याला असे झोडपले की पडद्यावरची खेकड्याच्या जिवाची पट्टी नखाएवढी उरली. आणखी एकच लाथ पुरे होती. पण मुंगसाला ऐट दाखवायची होती. "आता बघा, ह्याच्याच डावाने ह्याला आपटतो!" म्हणत त्याने चारही दिशांची बटणे एकामागून एक दाबली. पुढे, खाली, मागे, वर... 'वर' दाबले आणि मारायच्या आधीच त्याचा पैलवान टुणकन उडाला! दांडी एका झटक्यात गोल फिरे; एकेक बटण दाबताना मात्र ठोशाला उशीर होई. पुन्हा दाबली, पुन्हा टुणकन! सगळे जंगल खो खो हसू लागले. तिसऱ्या उडीनंतर तो खाली आला आणि त्याचे पाय टेकताच खेकड्याची दांडी फिरली. गर्रर्र! गर्रर्र! दोनदा उचलून दोनदा आपटला. धप्प! धप्प!

"यंत्र ओढ्याकाठीच!" कासव ओरडले. खेकड्याला इतका आनंद झाला की तो तिरका तिरका धावत सगळ्या गर्दीला चक्कर मारून आला. आज कुणी त्याला चिडवले नाही.

"मी म्हटलंच होतं, दांडीच खरी!" कोल्हा म्हणाला. सशाने त्याच्याकडे असे बघितले की तो मुकाट्याने मागे जाऊन बसला.

मुंगूस हळूच जवळ आला. "उस्ताद, तुमची दांडी मला द्याल का?"

"दांडी ने रे," खेकडा हसून म्हणाला, "पण नांगी कुठून आणशील? तुझी बोटं काय सुरेख चालतात! पुढच्या वर्षी तुझीच बटणं आणि तुझे लोळ घेऊन ये. मग बघू, कोण उस्ताद!"

तात्पर्य : हत्यार उसने मिळते, हात उसना मिळत नाही.